साल्व्हिया: रब्बीचं फूल

साल्व्हियाला विदर्भाचं ऊन सोसत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मे महिन्यात ४५-४६ अंशांत वाळून कोळ झालेलं झाड पाहिलं की ते खरंही वाटतं. पण आमच्या भागात साल्व्हिया मरतो तो बहुतेक वेळा मे यायच्या कितीतरी आधी, ऐन थंडीत, रोजचं पाणी मिळत असताना. दिवाळीच्या सुमारास आठवडी बाजारात काळ्या पिशवीतली लालभडक तुऱ्यांची रोपं येतात. लोक हौसेनं घरी नेतात, आवारातल्या काळ्या मातीत टिकासानं खड्डा करून लावतात, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. पंधरा दिवसांत झाड मान टाकतं. मान टाकली म्हणून आणखी पाणी पडतं आणि तिथं विषय संपतो. उन्हाचा यात काहीच हात नसतो. मुळं बुडून मेलेली असतात.

या झाडाला एकदा रब्बीचं पीक मानलं की निम्म्या अडचणी सुटतात. पाऊस उघडता उघडता पेरायचं, साचल्या पाण्यापासून जपायचं, शेंडा खुडायचा, थंडीत फुलवायचं आणि उन्हाचा चटका सुरू झाला की आवरतं घ्यायचं. ज्या घरी हरभरा पेरला जातो त्या घराला यातलं काही नवीन नाही. हरभऱ्याला ओल लागते पण पाणी साचलेलं चालत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तेच शहाणपण फुलझाडापर्यंत आलं की माणूस विसरतो, कारण फुलझाड म्हटलं की हातात झारी येते. बियांच्या पाकिटावर आणि बाहेरदेशीच्या व्हिडिओत साल्व्हियाला उन्हाळी फूल म्हणतात, त्यानंही घोळ होतो. त्यातल्या थंड देशांच्या उन्हाळ्यात दुपारी जेवढी ऊब असते, तेवढी आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात असते.

साल्व्हिया तुळशीच्या कुळातला. खोड चिमटीत धरून फिरवलं की चार कडा बोटाला लागतात. पानं जोडीनं येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी असते. तुळस, पुदिना, सब्जा, पानओवा, सगळ्यांची ठेवण हीच. साल्व्हिया या एका प्रजातीत ९०० हून जास्त जाती आहेत. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही याच प्रजातीत आणून बसवलं. वाशीम जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत ज्याचं क्षेत्र वाढलं तो चियासुद्धा साल्व्हियाच, साल्व्हिया हिस्पॅनिका. तो तर सरळसरळ रब्बीतच पेरला जातो. म्हणजे आमच्या काळ्या रानात साल्व्हिया वाढतो की नाही हा प्रश्न शेतकऱ्यांनी आधीच निकालात काढला आहे. प्रश्न उरतो तो कोणता साल्व्हिया आणि कसा, एवढाच.

इथं चार साल्व्हियांचं सांगतो. बाजारात सगळ्यात जास्त मिळतो तो लाल साल्व्हिया, स्प्लेन्डेन्स. हा मूळचा ब्राझीलचा. तिथल्या दमट, झाडीच्या, जराशा आम्लधर्मी मातीत वाढलेला. आमची काळी माती नेमकी उलट: चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपास किंवा वर. म्हणून चौघांत दिसायला सगळ्यात देखणा असूनही आमच्याकडे सगळ्यात नाजूक हाच ठरतो. निळा साल्व्हिया, फॅरिनेशिया, टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोचा. तिथल्या जमिनी चुनखडीच्याच, आणि उन्हाळाही कडक. त्याला आमची माती परकी वाटत नाही. तिसरा कॉक्सिनिया, पातळ लांब दांड्यांवर सुटी सुटी लाल फुलं येणारा. तुरा भरगच्च नसतो म्हणून रोपवाटिकेत त्याला कोणी विचारत नाही, पण एकदा आवारात रुजला की स्वतःच्या बियांवर वर्षानुवर्षं येत राहतो. चौथा मेक्सिकोचा ल्युकँथा, मखमली जांभळ्या तुऱ्यांचा, कमरेइतका वाढणारा. नवशिक्यानं सुरुवात निळ्यापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. लालवर जीव जडलेला असेल तर त्याला कुंडीत ठेवावं, कारण कुंडीतली माती आपल्या हातात असते आणि आवारातली नसते.

आता मातीचं. काळी कपाशीची माती ओली झाली की फुगते, सुकली की तडे देते. फुगली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, हवा संपते. साल्व्हियाची मुळं बारीक, तंतूसारखी, वरच्या वीतभर थरात पसरणारी; त्यांना हवा लागते. तडे पडले की हीच मुळं ताणून तुटतात. शिवाय ही माती फसवी आहे. वरचा बोटभर थर सुकून भुरका दिसतो आणि खाली चार बोटांवर चिखल असतो. वरचा रंग पाहून पाणी घालणारा माणूस तिथंच फसतो.

यावर सगळेच सांगतात, रेती मिसळा. थोडी रेती मिसळल्यानं काही होत नाही. चिकणमातीचे कण इतके बारीक असतात की रेतीचे खडे त्यांच्यात रुतून बसतात आणि गोळा आणखी घट्ट होतो. फरक पडायला मातीच्या निम्म्यानं तरी रेती लागते, आणि एवढी रेती सध्याच्या भावात कोणी सांदवाडीत टाकत नाही. त्यापेक्षा कुजलेला पालापाचोळा टाकावा. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, शेणाच्या पाण्यात भिजवून उकिरड्याच्या कडेला पावसाळाभर कुजवलं, की दिवाळीपर्यंत भुसभुशीत काळं खत तयार होतं. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, धानाचं तूस गिरणीवर मिळतं. ते कोंडून जाळून काळं करावं, पांढरी राख होऊ देऊ नये. काळं तूस हलकं असतं, सडत नाही आणि मातीत हवेची जागा राखतं. पांढरी राख मात्र आधीच अल्कधर्मी असलेल्या आमच्या मातीचा सामू आणखी वर नेते.

वाफा जमिनीच्या वर उचलायचा. किमान ९ इंच, जमलं तर फूटभर. रुंदी ३ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. मातीची ४ घमेली असतील तर कुजलेलं शेणखत किंवा कुटाराचं खत २ घमेली आणि काळं तूस १ घमेलं. एवढ्या मिश्रणात भुकटी ट्रायकोडर्मा (मूळकुज आवरणारी मित्रबुरशी) दोन-तीन चमचे मिसळावा. हरभऱ्याच्या बियाण्याला लावायला जे पाकीट कृषी केंद्रातून आणतो तेच चालतं. शेणखत कच्चं नको. कच्च्या खतात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या असतात, वाळवीही येते, आणि ते मातीत कुजायला लागलं की त्याच्या उष्णतेनं कोवळी मुळं भाजतात. हातात घेतलं तर शेणाचा वास येऊ नये, मातीचा यावा.

कुंडी १० इंचांची पुरे. तळाला विटांचे तुकडे भरायची जुनी सवय सोडून द्यावी. तुकड्यांमुळे निचरा वाढत नाही. पाणी मातीच्या थरातच अडून राहतं आणि मुळांना मिळणारी मातीची खोली कमी होते. भोकावर एक खापरी उपडी ठेवली की झालं. कुंडीसाठी काळी माती घेऊच नये. नदीकाठचा पोयटा किंवा घर बांधताना निघालेली तांबूस माती २ भाग, गांडूळखत १ भाग, काळं तूस किंवा जाड रेती १ भाग.

बी टाकायची वेळ पोळ्यानंतर. पहिलं निळ्याचं टाकावं, कारण त्याला बियापासून फुलापर्यंत १२ ते १४ आठवडे लागतात. लाल ८ ते १० आठवड्यांत येतो, म्हणून तो नवरात्राच्या आसपास टाकला तरी चालतो. त्याच्या पुढे फार रेंगाळू नये. रात्र १५ अंशांच्या खाली जायला लागली की उगवण रडतखडत होते आणि झाड मोठं व्हायच्या आत फाल्गुनाचं ऊन येऊन ठेपतं. एका ग्रॅममध्ये लालच्या साधारण २५० बिया बसतात, निळ्याच्या ८०० च्या वर. घरच्या आवाराला ५० बिया म्हणजे भरपूर.

लालच्या बियांना उगवायला उजेड लागतो. आपल्या हाताला बी मातीत पुरायची सवय असते, आणि पुष्कळदा न उगवण्याचं कारण तेवढंच असतं. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरावं, आधीच ओलं करून हातानं पिळून पाहावं; पाण्याचा थेंब निथळता कामा नये. त्यावर बिया पसरून बोटानं नुसत्या दाबाव्यात. वर माती नाही. पारदर्शक प्लास्टिक झाकावं आणि ट्रे छपरीत, उजेड असेल पण थेट ऊन पडणार नाही अशा जागी ठेवावा. १० ते १४ दिवसांत उगवतं. कॉक्सिनियाच्या बियांना पाणी लागलं की सब्जासारखा चिकट गर सुटतो. म्हणून त्या भिजत घालू नयेत, एकमेकींना चिकटून गोळा होतो. कोरड्याच टाकाव्यात, तो गर मग त्यांना मातीला धरून ठेवतो.

पाणी वरून शिंपडायचं नाही. घमेल्यात बोटभर पाणी घेऊन ट्रे त्यात ठेवावा, वरचा थर ओलसर दिसायला लागला की उचलावा. उगवण दिसली त्याच दिवशी प्लास्टिक काढून टाकावं. या एका दिवसाची कसूर महागात पडते: झाकलेल्या दमट हवेत रोपाचं खोड मातीलगत काळपट, दोऱ्यासारखं बारीक होतं आणि वर पानं हिरवीगार असतानाच रोप आडवं पडतं. एक पडलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या भोवतालची पडतात. ही मर बुरशीची. लागण झालेला ट्रेचा भाग मातीसकट काढून फेकावा, बाकीच्याला दोन दिवस पाणी तोडावं आणि हवेशीर जागी हलवावं.

बीदलांनंतर खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं पेल्यात किंवा छोट्या पिशवीत, आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात वाफ्यात. लाल एक फुटावर, निळा एक फुटावर, कॉक्सिनिया दीड फुटावर, ल्युकँथाला तीन फूट मोकळे. दाटी केली की खालची पानं पिवळी पडून गळतात. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवावं. खोड मातीत गाडलं की कुजतं. लावणी ऊन उतरल्यावर, आणि पहिले तीन-चार दिवस दुपारपुरती तुऱ्हाट्या रोवून वर पोत्याची सावली.

लावणीनंतर मुळं धरली, नवी पानं फुटली, की शेंडा खुडायचा. पानांच्या तिसऱ्या किंवा चौथ्या जोडीच्या वर, नखानं. हरभरा महिन्याभराचा झाला की शेंडे खुडून भाजी करतात आणि त्यानं फांद्या वाढतात. इथं तत्त्व तेच. शेंड्यात जे द्रव्य तयार होतं ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो आणि एका तुऱ्याच्या जागी चार-सहा येतात. बाजारातून फुलासकट आणलेल्या रोपाचा तुरा तोडायला हात धजत नाही, कारण त्या तुऱ्यासाठीच तर ते घेतलेलं असतं. पण तोडावा. ते रोप पिशवीत उपाशी वाढून घाईनं फुललेलं असतं. त्याला आधी मुळं करू द्यावीत. बुटक्या संकरित वाणांना खुडायची गरज नसते, ते मुळातच फांद्या घेऊन वाढतात.

पाण्याचं वेळापत्रक नसावं, परीक्षा असावी. तर्जनी दोन पेरं मातीत खुपसावी. आत ओल लागली तर पाणी नाही, मग वरचा रंग काहीही असो. डिसेंबरमध्ये वाफ्याला चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं, कुंडीला दोन-तीन दिवसांनी. झाड कोमेजलं की ते कधी कोमेजलं हे पाहावं. दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी ताठ झाली, तर ते फक्त उन्हाला तोंड देत आहे, पाणी मागत नाही. सकाळी सातला, गार हवेत, ओल्या मातीत पानं लोंबलेली असतील तर मुळं गेली. असं झाड हळूच उपटून एक मूळ चिमटीत ओढावं. निरोगी मूळ पांढरं आणि टणक असतं. कुजलेल्याची तपकिरी साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो. त्या झाडाला वाचवायच्या फंदात पडू नये. वरचा भाग अजून हिरवा असेल तर त्याच्या फांद्या लावून घ्याव्यात.

बोअरचं पाणी जड असतं, तेवढं चालतं. अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र विहीर-बोअरचं पाणी साल्व्हियाला घालून चालत नाही, लाल साल्व्हियाला तर मुळीच नाही. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग कागद जळाल्यासारख्या तपकिरी होतात. तिथं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवता येत असेल तरच कुंडीत करावा. न्हाणीचं साबणाचं पाणी कुठल्याच साल्व्हियाला देऊ नये, मग गाव कोणतंही असो.

खताचा हात आखडताच ठेवावा. घरात युरियाचं पोतं असतंच, आणि मूठभर टाकायला किती वेळ लागतो! पण नत्र जास्त झालं की पानं मोठी, गर्द, लुसलुशीत होतात, खोड लुळं पडतं, मावा चढतो आणि फुलं मागं राहतात. लावणीला झाडामागं मूठभर गांडूळखत, पहिला बहर कापल्यावर पुन्हा तेवढंच. कुंडीत १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी, तेही माती ओली असताना. सरकीची ढेप भिजवून घालणारे आहेत. ती गुणाची आहे, पण कुंडीत घातली की मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात.

लाल साल्व्हिया काळ्या मातीत महिना-दीड महिना झाला की एक खूण दिसते: शेंड्याची कोवळी पानं पिवळट पांढरी, आणि त्यात शिरा मात्र हिरव्या, रेखून काढल्यासारख्या. जुनी खालची पानं ठीक असतात. ही लोहाची कमतरता. मातीत लोह असतंच, पण चुनखडी त्याला मुळांना लागू देत नाही. म्हणून मातीत खिळे किंवा लोखंडाचा कीस पुरून काही उपयोग होत नाही. फेरस सल्फेट २ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल १ ग्रॅम लिटरभर पाण्यात, संध्याकाळी पानांवर, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. फुलांवर उडू देऊ नये, डाग पडतात. आणि जिथं ही खूण दिसली तिथं पाणीही जास्त होत असतं, हे धरून चालावं. कोंडलेल्या मातीत मुळं लोह उचलत नाहीत.

पहिला तुरा उमलला की एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. निळ्या साल्व्हियाचं एक फूल घ्यावं आणि गवताची बारीक काडी त्याच्या घशात, खालच्या ओठावरून, हळूच सारावी. आत काडी एका आडव्या पडद्याला अडते, आणि तो ढकलला की वरच्या ओठात दडलेले परागकोष खाली वाकून काडीला टेकतात. काडी काढली की परत जागेवर. बहुतेक साल्व्हियांचा पुंकेसर असा तरफेसारखा असतो: मधमाशी मधासाठी डोकं घालते, तरफेचं एक टोक आत ढकललं जातं आणि दुसऱ्या टोकावरचे पराग तिच्या पाठीवर पडतात. ख्रिस्तियान श्प्रेंगेल या जर्मन माणसानं १७९३ मध्ये ही रचना लिहून ठेवली. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या निळ्या तुऱ्यावर कामाला लागल्या की सकाळभर हेच चाललेलं असतं. लांब नळीची लाल फुलं मुळात अमेरिकेतल्या गुंजन पक्ष्यांसाठी (हमिंगबर्ड) घडलेली. आमच्याकडे ते काम शिंजीर करतो. काळे मोठे भुंगे मात्र आत शिरत नाहीत. ते नळीच्या बुडाशी चीर पाडून बाहेरूनच मध ओढतात. फुलाच्या तळाशी बारीक उभी चीर दिसली तर ती कीड नव्हे, औषधाला हात लावू नये.

तुरा कधी कापायचा, यात लाल साल्व्हिया चकवतो. त्याची फुलाची नळी चार-सहा दिवसांत गळून जाते, पण तिच्या भोवतालची वाटी, जी तितकीच लाल असते, ती पुढे कितीतरी दिवस टिकते. लांबून झाड फुललेलं दिसतं आणि आत बी धरायला सुरुवात झालेली असते. तुऱ्याच्या खालच्या निम्म्या वाट्या फिकट झाल्या की तो कापावा, पण नुसता दांडा नव्हे. खाली जिथं पानांच्या बगलेत नवे कोंब दिसतात त्या जोडीच्या वर. नुसती वाळकी फुलं ओरबाडली तर उघडा दांडा राहतो आणि त्यावर काही येत नाही. वेळेवर कापत राहिलं तर डिसेंबर ते मार्च तीन बहर आरामात मिळतात.

कीड कपाशीबरोबर येते. शेजारच्या वावरात पऱ्हाटी जून झाली की पांढरी माशी तिथून उठते आणि आवारातल्या कोवळ्या पानांवर बसते. पान हलवलं की पांढरा भुरका उडतो. पानाखालून पाण्याचा जोराचा फवारा, पिवळे चिकट सापळे, आणि निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळ्या भरडून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यातून गाळायचं, चिमूटभर साबण, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. त्यासाठी मे-जूनमध्ये निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवलेल्या असाव्यात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल कोळी येतो. पानावर सुईनं टोचल्यासारखे पिवळे ठिपके, खालून तलम जाळं. त्याला धूळ आणि कोरडी हवा आवडते, म्हणून रस्त्याकडेची झाडं आधी धरतो. पानं धुणं हाच पहिला उपाय. थंडीत भुरी आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन तापायच्या आत.

एक गोष्ट पुस्तकांत सापडत नाही आणि खेड्यात दर हिवाळ्यात घडते. गहू महिन्याचा झाला की रुंद पानांच्या तणांसाठी टू-फोर-डी फवारतात. वाऱ्यावर ते कितीतरी लांब जातं. कपाशीला ते कसं लागतं हे शेतकऱ्यांना माहीत आहे. साल्व्हियाही रुंद पानांचाच. कोवळी पानं अरुंद, पट्टीसारखी होतात, देठ पिळवटतात, शेंडा खाली वळतो. लोकांना वाटतं विषाणू आला आणि झाड उपटून टाकतात. थांबावं. पिळवटलेला शेंडा कापून तीन आठवडे वाट पाहिली तर थोडक्या झळीतून झाड सावरतं, नवी पानं सरळ येतात. आणि तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. तोच पंप दोनदा खंगाळून निंबोळी अर्काला वापरला, तर जे वाऱ्यानं केलं नसतं ते आपल्याच हातानं होतं.

ल्युकँथाची तऱ्हा निराळी. रात्र मोठी झाल्याशिवाय तो कळी धरत नाही. पावसाळ्यात तो नुसता वाढतो, आणि ऑक्टोबरनंतर जांभळे तुरे येतात. म्हणून त्याचे शेंडे जून-जुलैमध्ये खुडून घ्यावेत. पोळ्यानंतर कात्री लावू नये. रस्त्यावरचा दिवा रात्रभर त्याच्यावर पडत असेल तर रात्र त्याच्या लेखी होतच नाही आणि फुलं लांबतात. अशा वेळी झाड घराच्या आडोशाला लावावं. बहर संपला की जमिनीपासून वीतभर ठेवून कापावं. बुडातून नवे फुटवे येतात. चिखलदऱ्यासारख्या उंचावरच्या, गार हवेच्या जागी तो निवांत राहतो. खाली मैदानात त्याला दुपारनंतर सावली हवी.

फांदीपासून सगळेच साल्व्हिया येतात. बिनफुलाची, करंगळीएवढी लांब, शेंड्याकडची फांदी, पेराच्या लगेच खाली कापायची, खालची पानं काढायची, निम्मी रेती आणि निम्मं काळं तूस यात एक पेर गाडायचं. सावलीत, ओलसर. दोन ते तीन आठवड्यांत मुळं. यासाठी ऑक्टोबर आणि फेब्रुवारी हे महिने चांगले. लाल साल्व्हियाच्या संकरित वाणाचं बी धरून तसंच झाड येत नाही, तिथं फांदी हाच मार्ग.

फेब्रुवारी संपला की निवड करावी लागते. लाल साल्व्हियाला एप्रिलमध्ये ओढत नेण्यात अर्थ नाही. उपटून खतात टाकावा. फारच जीव असेल तर दोन फांद्या लावून छपरीत ठेवाव्यात. निळा आणि कॉक्सिनिया मात्र टिकवता येतात. मार्चच्या सुरुवातीला एक तृतीयांश ठेवून बाकी कापावं, बुडाशी तीन इंच कुटार पसरावं, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. दुपारी घराची, निंबाची सावली, नाहीतर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. पाणी पहाटे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, फूल येत नाही, यावं अशी अपेक्षाही करू नये. पानं जगली तर पुष्कळ झालं. मृगाचा पाऊस लागला की कुटार काढून टाकावं, ते आता ओल धरून खोड कुजवतं आणि त्याखाली गोगलगायी राहतात. बकऱ्या वासाच्या पानांना सहसा तोंड लावत नाहीत, पण मे महिन्यात गावात दुसरं हिरवं काही उरत नाही, तेव्हा काट्यांचं कुंपण हवंच.

बी धरायचं तर निळ्याचा आणि कॉक्सिनियाचा एखादा तुरा न कापता राखावा. वाटी कागदासारखी करकरीत झाली की आत डोकावून पाहावं. जास्तीत जास्त चार बिया असतात, तपकिरी झाल्या की तयार. कॉक्सिनिया वाट बघत नाही, वाऱ्याच्या एका झुळकीत सांडतो, म्हणून त्याच्या तुऱ्यावर पातळ कापडाची पिशवी बांधावी किंवा जे सांडेल ते सांडू द्यावं, पावसात आपोआप उगवतं आणि मग हवी तिथली रोपं उचलता येतात. गोळा केलेलं बी आठवडाभर सावलीत वाळवून, कागदी पुडीत, काचेच्या बरणीत, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर मेमध्ये त्याची उगवणशक्ती जाते. लालचं बी तसंही फार टिकत नाही. ते त्याच वर्षीच्या पेरणीत संपवावं, उरलं तर शेजारी देऊन टाकावं.